पोच: यूपीआयच्या वाढीची वर्षं, आतून पाहिलेली

(भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली काही पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलले तसंच ठेवलं आहे.)

मागच्या भागात आपण हुंडीबद्दल बोललो. त्यात मी ओघात सांगून बसले की इतिहासाच्या नादाला लागायच्या आधी मी साडेतीन वर्षं एका पेमेंट कंपनीत नोकरी केली आहे. झालं, पत्रं आली ती सगळी त्यावरच. हुंडीबद्दल एक-दोन, बाकी सगळ्यांचं एकच, "तिथे तुम्ही नक्की करत काय होतात?" माझ्या आईलाही हा प्रश्न साडेतीन वर्षं पडला होता, त्यामुळे आज एकदाच सविस्तर सांगते. कंपनीचं नाव घेणार नाही. घेण्यात अर्थही नाही, कारण त्या काळात या धंद्यातल्या बहुतेक कंपन्यांत साधारण हेच चाललं होतं, असं पुढे तिथल्या लोकांशी बोलताना कळलं.

सुरुवात मात्र कंपनीपासून करत नाही. सुरुवात मनीऑर्डरपासून.

टपाल खात्याची मनीऑर्डर १८८० साली सुरू झाली. माझी आजी राजापूरकडची. तिचे वडील मुंबईत गिरणीत होते आणि घर चालायचं ते पोस्टमनच्या पायांवर. कोकणाला 'मनीऑर्डरवर जगणारा मुलूख' म्हणायचे ते उगाच नाही. आता त्या फॉर्मकडे बघा. वरच्या भागात रक्कम, नाव, गाव. खाली दोन ओळी निरोपाला जागा. आणि एक भाग पोच म्हणून. पोस्टमन पैसे मोजून हातात देणार, घेणारीची सही नाहीतर अंगठा घेणार आणि तो कागद उलट्या वाटेनं मुंबईला येणार. लालबागच्या खोलीत बसलेल्या माणसाच्या हातात तो अंगठा पडला की त्याच्या लेखी पैसे पोचले. तोवर नाही.

म्हणजे पैशाचे प्रवास दोन असतात. एक पैशाचा, एक पोचेचा. आणि माझ्या साडेतीन वर्षांचं एका वाक्यात वर्णन करायचं तर मी पहिल्या प्रवासासाठी प्रसिद्ध असलेल्या कंपनीत दुसऱ्या प्रवासाची कारकून होते.

हुंडीवाल्यांनाही ही अडचण माहीत होती. मागच्या भागात आलंच आहे, हुंडी वाटेत हरवली तर 'पैठ' लिहून देत. ती हरवली तर 'परपैठ'. पैठेत मूळ हुंडीचा उल्लेख असायचा, की पहिली भरली नसेल तरच ही भरा. का? तर दोन्ही कागद पोचले आणि पेढीनं दोन्हींवर पैसे दिले तर पेढी बुडाली. ही अट आमच्या ऑफिसात इंजिनिअर मंडळी फळ्यावर इंग्रजीत मोठमोठे शब्द लिहून शिकवायची. एकच निरोप दोनदा आला तरी काम एकदाच झालं पाहिजे. मी मनात म्हणायचे, अरे, ही पैठ आहे.

बरं. आता यूपीआय.

नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन, म्हणजे एनपीसीआय, ही संस्था २००८ सालची. रिझर्व्ह बँक आणि बँकांची संघटना यांनी मिळून उभी केलेली. २०१० मध्ये तिनं आयएमपीएस आणलं. मोबाइलवरून, रात्री-बेरात्री, लगेच पैसे. यूपीआय म्हणजे या आयएमपीएसच्या पायावर चढवलेला मजला. ११ एप्रिल २०१६ ला मुंबईत रघुराम राजन यांच्या हस्ते त्याची सुरुवात झाली, तेव्हा २१ बँका त्यात होत्या. लोकांच्या हातात ॲप यायला ऑगस्ट उजाडला. आणि ८ नोव्हेंबरला रात्री आठ वाजता काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. मूल्याच्या हिशेबानं देशातल्या ८६ टक्के नोटा एका रात्रीत बाद.

आकडे बघा. ऑक्टोबर २०१६ मध्ये अख्ख्या देशात महिन्याभरात यूपीआयचे साधारण एक लाख व्यवहार झाले होते. डिसेंबरात वीस लाखांच्या आसपास. डिसेंबर २०१७ मध्ये साडेचौदा कोटी. ऑक्टोबर २०१९ मध्ये शंभर कोटींच्या वर. तीन वर्षांत एका लाखाचे शंभर कोटी! हे सगळं नोटाबंदीमुळे झालं असं म्हणायची पद्धत आहे, ती मला फारशी पटत नाही. नोटा परत आल्यावरही आलेख चढतच राहिला. स्वस्त झालेलं इंटरनेट, कॅशबॅक आणि दुकानदाराला यंत्र विकत न घेता कागदावरच्या चौकोनावर पैसे घेता येणं, या तिन्हींचा वाटा मोठा. पण तो वेगळ्या भागाचा विषय.

मी रुजू झाले जून २०१७ मध्ये. ऑफिस लोअर परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारात. चिमणी तशीच उभी होती. डोंबिवलीहून गाडीनं करी रोडला उतरायचं आणि चालत यायचं. मी मुलाखत दिली होती 'ॲनालिस्ट' म्हणून. काम निघालं रिकन्सिलिएशनचं. ऑफिसात सगळे 'रेकॉन' म्हणायचे. घरी आल्यावर बाबांना समजावून सांगितलं, तर ते हसायला लागले. म्हणाले, "अगं, म्हणजे बॅलन्सिंग! एवढं शिकून तू माझ्याच टेबलावर येऊन बसलीस की."

बाबा एका राष्ट्रीयीकृत बँकेत होते, फोर्टात, क्लिअरिंग खात्यात. २००१ च्या स्वेच्छानिवृत्तीत बाहेर पडले. त्यांच्या वेळी दुसऱ्या बँकांवरचे चेक गठ्ठे बांधून, बेरजा मारून क्लिअरिंग हाउसला न्यायचे. तिथे सगळ्या बँकांचे लोक जमणार, गठ्ठ्यांची अदलाबदल होणार आणि कोणी कोणाला किती द्यायचे याचं एकच निव्वळ उत्तर काढून ते रिझर्व्ह बँकेतल्या खात्यांतून मिटवायचं. या कल्पनेचं मूळ लंडनचं सांगतात. अठराव्या शतकात तिथले बँकांचे कारकून दारोदार चेक घेऊन हिंडून कंटाळले आणि लोम्बार्ड स्ट्रीटजवळ एका गुत्त्यात बसून आपापसात हिशेब मिटवायला लागले. मालकांनी नंतर त्याची संस्था केली. मला ही गोष्ट फार आवडते. जगातल्या एवढ्या मोठ्या व्यवस्थेची सुरुवात चालून चालून पाय दुखलेल्या कारकुनांनी केली.

आणि यूपीआयमध्येही हेच होतं, हे बाहेर कुणाला माहीत नसतं. भाजीवाल्याला तुमचे पैसे दोन सेकंदांत मिळतात. पण तुमच्या बँकेनं त्याच्या बँकेला त्या सेकंदाला काही दिलेलं नसतं. दिवसभराच्या व्यवहारांची वजाबाकी होऊन बँकांमधला निव्वळ हिशेब नंतर रिझर्व्ह बँकेत मिटतो. तोवर सगळं एकमेकांच्या शब्दावर. आणि तेव्हा सुट्टीच्या दिवशी हा हिशेब मिटत नसे. दुसरा शनिवार, रविवार, जोडून एखादा सण, की हिशेब साठत जायचा. लोक मात्र सुट्टीच्या दिवशीच जास्त खरेदी करायचे.

आता माझं काम. तुम्ही चाळीस रुपयांची कोथिंबीर-मिरची घेतली असं धरा. चौकोन स्कॅन केला, पिन टाकला. ॲपनं निरोप आपल्या भागीदार बँकेला दिला, तिनं एनपीसीआयला. एनपीसीआयनं तुमच्या बँकेला सांगितलं, चाळीस वजा कर. "केले." मग भाजीवाल्याच्या बँकेला सांगितलं, चाळीस जमा कर. आणि समजा इथे ठरलेल्या सेकंदांत उत्तरच आलं नाही. म्हणजे काय झालं? निरोप पोचलाच नाही? की पोचला, पैसे जमाही झाले आणि "केले" हा शब्द परत येताना हरवला? की तिथल्या रांगेत अजून उभा आहे? बाहेरून तिन्ही सारखंच दिसतं. पैसे परत करावेत, तर कदाचित दोघांकडेही पैसे जातील. पुन्हा पाठवावेत, तर कदाचित दोनदा जमा होतील. संगणकशास्त्रात याला दोन सेनापतींचं कोडं म्हणतात. दोन टेकड्यांवर दोन फौजा, मधल्या दरीत शत्रू आणि निरोप्या वाटेत पकडला जाऊ शकतो. कितीही निरोप पाठवा, दोघांनाही पूर्ण खात्री कधीच होत नाही. याला पक्कं उत्तर नाही, हे सिद्ध झालेलं आहे.

व्यवहारात मात्र उत्तर काढावं लागतं. अशा व्यवहाराला 'डीम्ड अप्रूव्ह्ड' म्हणत, म्हणजे झाला असं मानलेला. तुमच्या स्क्रीनवर 'पेंडिंग'. आणि मग कुणीतरी नंतर तीन फायली शेजारी शेजारी ठेवायच्या, आमची, बँकेची, एनपीसीआयची, आणि बारा आकडी संदर्भ क्रमांकावरून ओळ न् ओळ जुळवायची. जुळली तर ठीक. नाही जुळली, तर पोच शोधायची.

पहिले काही महिने हे आम्ही एक्सेलमध्ये केलं. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात. हा आकडा मला पाठ आहे, कारण एका रात्री दोन वाजता फाइल उघडली, तर शेवटच्या ओळी नाहीतच. चूक कुठे झाली म्हणून तासभर शोधलं. चूक नव्हतीच. आम्ही शीटच्या बाहेर गेलो होतो. दुसऱ्या दिवशी ऑफिसात हे कळल्यावर केक कापला गेला. मला झोप आली होती, मी केक खाल्ला आणि गेले.

केक खूप कापले जायचे. दर टप्प्याला केक. लोक इतक्या वेगानं येत होते की सोमवारी एखाद्या मुलाला लिफ्ट कुठे ते दाखवावं आणि शुक्रवारी त्यानं दुसऱ्याला दाखवावं. वर्षभरात मी 'जुनी' झाले. ही गोष्ट गमतीची वाटते, पण तिच्यात एक खोट होती. एखादा नियम असाच का आहे, हे माहीत असलेला माणूस सहा महिन्यांत दुसऱ्या कंपनीत गेलेला असायचा. नियम मात्र राहायचा. बाबांच्या बँकेत तीस वर्षं त्याच टेबलावर बसलेला माणूस असायचा, त्याचा कंटाळा यायचा हे खरं, पण त्याला विचारता यायचं.

हे सगळं वाईट होतं असं मात्र नाही हां. पंचविशी-सव्विशीतल्या पोरी आम्ही, पहिल्यांदा कोणी विचारत होतं, "तुला काय वाटतं?" बँकेत असा प्रश्न विचारायला बाबांना पंधरा वर्षं थांबावं लागलं होतं. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात रात्रभर जागून सिस्टिम उभी ठेवली की सकाळी परळला टपरीवर चहा पिताना वाटायचं, हा समोरचा माणूस आत्ता फोन काढतोय ना, तो आपल्यामुळे. आणि त्यात थोडं खरंही होतं.

आता ती गोष्ट सांगते, जी मी आजवर सार्वजनिक ठिकाणी सांगितलेली नाही.

ऑफिसात मधोमध एक मोठा टीव्ही होता. त्यावर 'सक्सेस रेट', शंभर व्यवहारांतले किती यशस्वी झाले ते. गुंतवणूकदार आले की त्या टीव्हीसमोर उभे राहायचे. २०१८ च्या सुरुवातीला हा आकडा काही केल्या वर जाईना. बँकांची यंत्रणा दमत होती, रात्री त्यांचा दिवसअखेरीचा हिशेब सुरू झाला की उत्तरंच येत नसत. एका मीटिंगमध्ये मॅनेजर म्हणाला, पेंडिंग व्यवहार फेल झालेले नाहीत ना? मग ते अपयशात का धरायचे? वगळू या. तर्क चुकीचा नव्हता. क्वेरी मी लिहिली. एक ओळ. रात्रीत आकडा वर गेला, सकाळी माझ्यासाठी टाळ्या वाजल्या. मला आवडलं ते, खोटं कशाला बोलू?

पण त्यामुळे झालं असं की पेंडिंग हा प्रकार टीव्हीवरून गेला. टीव्हीवर जे नाही त्याच्यासाठी माणसं मिळत नाहीत. माझ्या टीममध्ये आम्ही तिघं होतो आणि व्यवहार काही पटींनी वाढूनही तिघंच राहिलो.

जुलै २०१८. शुक्रवार संध्याकाळ, दुसऱ्या दिवशी दुसरा शनिवार. सोलापूरकडच्या एका गृहस्थांनी पुण्यातल्या भाच्याला ९,२०० रुपये पाठवले. मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशाची फी. शनिवारी दुपारपर्यंत भाच्यानं रोख नेऊन भरायची होती. यांच्या खात्यातून वजा झाले, भाच्याला मिळाले नाहीत. स्क्रीनवर पेंडिंग. त्यांनी मदत केंद्राला फोन केला. आमचं मदत केंद्र ऐरोलीला होतं, दुसऱ्या एका कंपनीच्या पगारावरची मुलं, ज्यांना आमच्यासारखे शेअर-बिअर काही नव्हते आणि बघायलाही फार काही मिळत नसे. त्यांच्यासमोर वाचायला एक मजकूर होता, "तुमचे पैसे सुरक्षित आहेत, कृपया प्रतीक्षा करा." शुक्रवार रात्रीपासून शनिवार दुपारपर्यंत त्या गृहस्थांनी अकरा फोन केले. अकरा वेळा तेच वाक्य. शेवटच्या काही फोनांत ते पैसे मागतच नव्हते. ते एवढंच विचारत होते, की पोचले नाहीत असं नक्की सांगा, म्हणजे मी कुणाकडून उसने तरी घेतो. आणि नेमकं तेवढंच कुणी सांगू शकत नव्हतं.

पैसे मंगळवारी त्यांच्या खात्यात परत आले. मी ही तक्रार वाचली ती गुरुवारी, न जुळलेल्या ओळींची यादी साफ करताना. तक्रारीवर शिक्का होता, 'सॉल्व्ह्ड'. त्यांना एक संदेशही आपोआप गेला होता, आमच्या सेवेला किती तारे द्याल? त्याच्या उत्तरात त्यांनी मराठीत लिहिलं होतं, "पैसे मिळाले. आता उपयोग नाही. ती फेरी गेली."

मी शनिवारी कुठे होते? घरी. माझी सुट्टी होती. आणि मी कामावर असते तरी ती ओळ माझ्यासमोर आली नसती, कारण तिला वर आणणारं काही शिल्लक नव्हतं. ते मीच काढलं होतं.

मी ती तक्रार छापून मीटिंगला नेली. सिनेमात असतं तसं काही झालं नाही. सगळे भले लोक होते, सगळ्यांना वाईट वाटलं. एकानं विचारलं, अशा किती? मी आकडा सांगितला. त्यानं एकूण व्यवहारांनी भागला आणि जे उत्तर आलं ते खरोखर लहान होतं. "पुढच्या तिमाहीत बघू." तेवढ्यात यूपीआयची दुसरी आवृत्ती आली, मग आधारवरचा सुप्रीम कोर्टाचा निकाल आला आणि ग्राहकांची ओळख पटवायची पद्धतच बदलावी लागली, मग परदेशात साठवलेली पेमेंटची माहिती देशात आणायची रिझर्व्ह बँकेची ऑक्टोबरची मुदत आली. वेगानं वाढणाऱ्या कंपनीत कुणी नाही म्हणत नाही. फक्त पुढची तिमाही येत राहते. मी अजून तीनदा तो विषय काढला. चौथ्यांदा काढायची लाज वाटायला लागली, हेही सांगायला हवं.

मग २० सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेचं एक परिपत्रक आलं. कोरडं, कोष्टकाचं. अडकलेले व्यवहार किती दिवसांत सोडवायचे आणि नाही सोडवले तर काय. यूपीआयवरून एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पैसे पाठवले, वजा झाले पण जमा झाले नाहीत, तर दुसऱ्या दिवसाच्या अखेरीपर्यंत आपोआप परत. त्याच्या पुढे दर दिवसाला शंभर रुपये भरपाई आणि ती ग्राहकानं न मागता. दुकानदाराला दिलेले असतील तर पाच दिवसांची मुदत. १५ ऑक्टोबरपासून लागू.

शंभर रुपये! पण शंभर गुणिले ओळी गुणिले दिवस, हा गुणाकार करता येतो. भरपाई बँकांनी द्यायची होती, आणि बँका लगेच आमच्याकडे विचारू लागल्या की तुमच्याकडून उत्तर कधी येतं. आठवड्याभरात टीव्हीवर नवा रकाना आला, 'पेंडिंग, वयानुसार'. माझी टीम तिघांची नऊ जणांची झाली. चार मीटिंगांत जे झालं नाही ते एका कोष्टकानं झालं. सरकारी परिपत्रकांना आपण नावं ठेवतो, मीही ठेवते, त्यांची भाषा वाचवत नाही. पण त्या एका कोष्टकात कुणीतरी बसून विचार केला होता, की थांबणाऱ्या माणसाचा दिवसही मोजायला हवा. तो मोजला गेल्याबरोबर आम्हाला दिसायला लागला.

पुढचं भराभर सांगते. १ जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराकडून शुल्क घ्यायचं नाही असं ठरलं. ग्राहकांसाठी चांगलं. आमच्याकडे मात्र एक विचित्र शांतता पसरली, कारण प्रत्येक व्यवहारावर खर्च होता, मिळकत शून्य. जितके वाढू तितके खड्ड्यात. तेव्हापासून प्रत्येक मीटिंगमध्ये 'कर्ज' हा शब्द यायला लागला. ज्याला पैसे पाठवायला मदत केली त्यालाच आता कर्ज विकायचं.

५ मार्च २०२० ला संध्याकाळी येस बँकेवर निर्बंध आले. खातेदाराला पन्नास हजारांपर्यंतच पैसे काढता येणार. फोनपेचं यूपीआय त्या बँकेच्या आधारानं चालत होतं, ते त्या रात्री बंद पडलं. त्यांनी दुसऱ्या बँकेला जोडून घेऊन साधारण दिवसभरात ते परत उभं केलं. ते काम केवढं असतं हे आतल्या माणसालाच कळतं. आमच्या मजल्यावर बातमी आल्यावर कोपऱ्यातून कुणीतरी "येस!" असं ओरडलं. हशा झाला. मग कुणीतरी विचारलं, आपल्या किती बँका आहेत? एक. हशा थांबला. त्या रात्री कोणी घरी गेलं नाही.

आणि मग लॉकडाउन. डोंबिवलीच्या घरात जेवणाच्या टेबलावर माझा लॅपटॉप, शेजारी बाबांचा पेपर, जो तेव्हा येत नव्हता, म्हणून ते माझ्या स्क्रीनकडे बघत बसायचे. एका रात्री दिवसाचा हिशेब ६,३०० रुपयांनी जुळेना. नऊ जण तीन तास शोधत होते. बाबांनी विचारलं, "फरक किती?" मी सांगितलं. "नवानं भाग जातो का?" सहा हजार तीनशे भागिले नऊ, सातशे. "मग आकडे उलटे पडलेत कुठेतरी. हातानं केलेल्या नोंदी बघ." आकड्यांची जागा चुकली की फरकाला नऊनं भाग जातो, हे जुन्या प्रत्येक बँकवाल्याला माहीत असतं. त्या दिवशी हातानं केलेल्या नोंदी मोजून चाळीस होत्या. एकीत ९,२०० च्या जागी २,९०० पडले होते. बाबा झोपायला गेले. मी थोडा वेळ तशीच बसले, कारण ९,२०० हा आकडा माझ्या ओळखीचा होता. योगायोगच तो, दुसऱ्याच कुणाचा तरी व्यवहार होता. पण बसले.

मी डिसेंबर २०२० मध्ये राजीनामा दिला. त्याच महिन्याच्या १४ तारखेपासून आरटीजीएस चोवीस तास, बारा महिने सुरू झालं आणि बँकांमधला हिशेब सुट्टीच्या दिवशीही मिटायची सोय झाली. दुसऱ्या शनिवारची अडचण गेली. माझे शेअर कागदावर बरेच दिसत होते. ते घ्यायला आधी जे पैसे भरावे लागतात ते माझ्याकडे नव्हते, म्हणून मुदत संपली आणि गेले. त्याबद्दल मला विचारू नका, आईला विचारा, ती अजून बोलते.

बाबा आता यूपीआय वापरतात. भाजी घेतली की फोनवर हिरवी खूण येते, तरी ते जागचे हलत नाहीत. भाजीवालीच्या गाळ्यावर तो छोटा स्पीकर असतो ना, रक्कम बोलून दाखवणारा, तो बोलेपर्यंत पिशवी हातात घेऊन उभे राहतात. कधी तो उशिरा बोलतो, कधी त्याचं चार्जिंग गेलेलं असतं. मग ते तिलाच विचारतात, "काय गं, आले का?" ती फोन बघून म्हणते, "आले काका." मग निघतात.

तर, एवढंच होतं. तुमच्यापैकी कुणाच्या घरी जुन्या ट्रंकेत मनीऑर्डरची पोच सापडली, अंगठ्याची असो की सहीची, तर तिचा फोटो मला जरूर पाठवा. नाव-पत्ता मात्र झाकून पाठवा. पुढच्या भागात त्या फॉर्मवरच्या निरोपाच्या दोन ओळींबद्दल बोलायचं आहे. तेवढ्या जागेत लोकांनी काय काय बसवलं आहे!